गावठी वाटेल ना?
काल रात्री साडेअकराला स्टॅनफोर्डच्या एमबीए प्रवेशाच्या निबंधावरून एका पोराशी कॉल. प्रश्न वर्षानुवर्षं तोच, तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय आणि का. पठ्ठ्याने ६५० शब्दांत इम्पॅक्ट, लीडरशिप सगळं कोंबलेलं.

म्हटलं, अरे यात तू कुठेयस?

गप्प. मग हळूच, सर, तासगावला बाबांचं बेदाण्याचं दुकान आहे, बारावीपासून उधारीची वही माझ्याकडेच, कोणाकडे कधी मागायचं नाही ते कळतं मला, पण हे काय लिहायचं, गावठी वाटेल ना?

तो 'गावठी' डोक्यातून जाईचना. कारण गेल्या वर्षी मीच एकीला तिच्या निबंधावर 'जरा ग्लोबल कर' म्हणालो होतो (पैसे घेऊन, वर).

सप्टेंबरात अर्जांचा पहिला राउंड. वही आता पहिल्याच ओळीत आलीय. त्या मुलीला मेसेज करू का?