ठिणगी गारेची नसते

गेल्या वर्षी हिवाळ्याचे तीन महिने मी पेनसिल्व्हेनियात पुतण्याकडे होतो. औशाजवळच्या आमच्या गावातून गेलेला हा मुलगा आता तिथला नागरिक झाला आहे आणि ठासणीच्या बंदुकांच्या एका हौशी मंडळाचा सभासदही आहे. त्या राज्यात नाताळानंतर केवळ चकमकीच्या, म्हणजे गार पोलादावर आपटून पडणाऱ्या ठिणगीने पेटणाऱ्या, बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा स्वतंत्र हंगाम १९७४ पासून असल्यामुळे हा छंद तिथे कोणाला विक्षिप्त वाटत नाही. पुतण्याला शिकारीत रस नव्हता. सुट्टीच्या दिवशी कागदी निशाणावर बार उडवता येतील असे जुन्या धाटणीचे, आतून गुळगुळीत नळीचे आणि खिशाला परवडणारे पिस्तूल त्याला हवे होते. मी आयटीआयमध्ये ३१ वर्षे फिटर ट्रेडचा शिल्पनिदेशक होतो, एवढ्या भांडवलावर त्याने मला सल्लागार नेमले.

बाजार पाहिला तेव्हा दोनच वाटा दिसल्या. इटलीत गार्दोने भागात बनणारी पिस्तुले उत्तम होती आणि त्यांच्या नळीवर सक्तीच्या चाचणीचा ठसा होता. परंतु त्यांची किंमत स्वस्त मालाच्या दुपटीहून अधिक होती. स्वस्त माल होता तो आपल्या देशातला. अठराव्या शतकातील ब्रिटिश आरमाराच्या धाटणीचे, १२ इंची नळीचे आणि ०.५६ इंच व्यासाचे पिस्तूल त्याने मागवले. खोके उघडल्यावर आत भारतात बनवल्याची चिठ्ठी निघाली, तेव्हा आम्ही दोघेही हसलो. मी सातासमुद्रापार जाऊन पहिल्यांदा हाती घेतलेले पिस्तूल निघाले ते घरचेच.

लहानपणी औशाच्या किल्ल्यात तोफेच्या कानात काड्या घालून आम्ही मार खाल्लेला आहे. या पिस्तुलाला मात्र तो कानच, म्हणजे बाहेरची आग नळीतल्या दारूपर्यंत नेणारे बारीक भोकच, नव्हते. भारतातून जाणारी अशी पिस्तुले बहुधा कान न पाडताच, शोभेची वस्तू म्हणून विकली जातात. गिऱ्हाइकाने तिथल्या जाणत्या बंदूक कारागिराकडून कान पाडून आणि नळीची जोरबार चाचणी, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दारू भरून घेतलेली परीक्षा, करून घ्यायची असते. ते पैसे आणि तो वेळ मूळ किमतीत धरलेला नसतो, आणि स्वस्त माल घेणारे नेमके हेच विसरतात. पुतण्याने दोन्ही गोष्टी रीतसर करून घेतल्या. नळी उत्तम निघाली. शिवाय अशा नळीत फक्त काळी दारू भरायची असते. बिनधुराच्या आधुनिक दारूचा दाब तिला सोसत नाही आणि ती हातातच फुटू शकते.

पहिल्या रविवारी आम्ही मैदानावर गेलो. पुतण्याने दारू ओतली, कापडाच्या चकतीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासली, कानाबाहेरच्या प्याल्यात चिमूटभर रंजक, म्हणजे आधी पेट घेणारी बारीक दारू, घातली आणि गार धरलेला घोडा मागे ओढला. चाप दाबल्यावर खट्ट असा आवाज झाला आणि पुढे काहीच घडले नाही. मंडळाच्या नियमाप्रमाणे नळी निशाणाकडेच रोखून तो मिनिटभर स्तब्ध उभा राहिला, कारण कधी कधी आग आत रेंगाळते आणि बार उशिरा उडतो. दहा वेळा चाप दाबून तीन बार उडाले. बाकीचे सात फुसके. सभोवतीची मंडळी सभ्य होती, त्यामुळे कोणी हसले नाही. औशात ही सवलत मिळाली नसती.

सर्वांनी दोष दगडाला दिला. घोड्याच्या जबड्यात चामड्यात धरलेली गार बदलली, उलटी करून पाहिली, पुढे सरकवली. मला मात्र आजोबांची चकमक आठवत होती. त्यांच्या कमरेच्या पिशवीत लोखंडाचा एक वाकडा तुकडा, एक गारगोटी आणि थोडा कापूस असे. चिलीम पेटवताना ते म्हणत की ठिणगी गारेची नसते, लोखंडाची असते. गार फक्त ते खरवडते. शब्दशः खरे आहे ते. दगडाची तीक्ष्ण कड पोलादाचे बारीक कण तासून काढते आणि तेच कण हवेत पेटतात. पिस्तुलात हे काम गारेसमोर उभ्या असलेल्या पोलादी झडपेचे असते, जिला फ्रिझन म्हणतात. घोडा आदळला की ती पुढे उघडते आणि ठिणग्या खालच्या रंजकीवर पडतात. हे पोलाद कच्चे असेल तर गार त्यात नुसती रुतते.

घरी आल्यावर मी बारीक कानस मागितली आणि झडपेच्या कडेला हलकेच टेकवून फिरवली. कानस धरली. पाणी दिलेल्या पोलादावरून ती काचेवरून घसरावी तशी घसरायला हवी होती. विक्रेत्याला कळवले, तर 'गार चांगली वापरा' एवढेच उत्तर आले. अखेर त्याच कारागिराने झडप कोळशाच्या भुकटीत बंद डब्यात तापवून तिला पाणी दिले. फाळ शेवटून देणारा आमच्या गावचा लोहार हेच आणखी थोडक्यात सांगू शकला असता. पुढच्या रविवारी दहापैकी नऊ बार उडाले. ठासणीच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत अशाच पिस्तुलांसाठी 'कोमिनाझो' नावाचा प्रकार आहे, ज्यात २५ मीटरवर ३० मिनिटांत १३ बार काढायचे आणि उत्तम १० मोजायचे असतात. पुतण्या अजून १० मीटरवरच आहे.

परत आल्यावर इथे असे पिस्तूल घेता येईल का, असे दोघा-तिघांनी विचारले. बार उडवण्याजोगे असेल तर परवान्याशिवाय नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मधली सूट जुन्या घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्यारांना आहे. परंतु दुरुस्ती करूनही ज्यातून बार उडणार नाही अशाच हत्यारांना. तेव्हा कान पाडलेला नाही एवढ्यावर विसंबून शोभेचे म्हणून कोणी पिस्तूल गळ्यात मारत असेल तर घेऊ नये. कलम १३ मध्ये संरक्षणासाठी किंवा खेळासाठी उल्लेखलेली गुळगुळीत नळीची बंदूकही किमान २० इंची नळीची आहे. १२ इंची पिस्तूल त्यात बसत नाही.

पुतण्याने मागच्या महिन्यात आपल्या बांधावरच्या गारगोट्या मागितल्या. मी ओंजळभर वेचून आणल्या आणि आजोबांच्या लोखंडावर एकेक मारून पाहिल्या. तिघींनी छान ठिणग्या दिल्या, पण जबड्यात बसेल अशी सपाट कड एकीलाही निघेना. फोडताना त्यांचा चुराच झाला. तसे कळवल्यावर त्याने घडवलेल्या काळ्या इंग्लिश गारा मागवल्या.