बंद कोण करणार?

नंदू एवढंच म्हणाला, "आई, खिडक्यांच्या बाहेरच्या झडपा काय, दोन्ही बाजूंना भिंतीला ठोकायच्या आणि मोकळं व्हायचं. छान दिसतात. नाहीतरी रोज बंद कोण करणार?" आणि फोन कानाला लावून बाहेर गेला. दुपारपासून तेच डोक्यात घोळतंय.

कोण करणार म्हणजे? मी. आजवर कोण करत आलंय? आभाळ भरून आलं की आधी खिडक्यांकडे कोण धावतं, हे या घरात विचारायची वेळ यावी?

त्याने आणलेला नमुना मी नीट पाहिला. पट्ट्यांमध्ये बोट घालायला गेले, तर फटच नाही. एकाच साच्यातून काढलेलं प्लास्टिक. बिजागरी नाही, कोपऱ्यांत स्क्रूची भोकं. रुंदी सव्वा फूट आणि आपली खिडकी चार फुटांची. म्हणजे दोन्ही मिटता आल्या असत्या, तरी मध्ये दीड फूट उघडंच राहिलं असतं. खरी झडप खिडकीच्या निम्म्या रुंदीची असते, मिटली की पट्ट्यांचा उतार बाहेरच्या बाजूला असतो आणि पाणी आत न येता निथळून जातं. पडद्याने काय होतं? ऊन काचेतून आत आलेलं असतं, तापायचं ते घर तापतंच. झडप त्याला काचेच्या बाहेरच अडवते. पश्चिमेच्या खोलीत दुपारी बसणाऱ्यालाच ते कळतं, आणि तिथे बसते मी.

हे असते तर... जाऊ दे.

मला लागलं ते प्लास्टिक नाही. मी बंद करीन, हे त्याच्या मनातही आलं नाही. घरात मी आहे, पण माझ्या हातून काही होईल असं आता कुणी धरत नाही.

संध्याकाळी मात्र वर जाऊन पाहून आले. वरच्या खिडक्यांचं त्याचं बरोबर आहे. तिथली तावदानं बाहेर उघडतात, झडप मिटणार कुठे? आणि जिना चढताना गुडघा बोललाच. वर काही नको. नुसतं ठोकलेलं तर मुळीच नको.

खाली मला सागवान हवं होतं. पण दोन फुटांची लाकडी झडप वाऱ्यात ओढून घ्यायची म्हणजे हातात जोर हवा, आणि खालची कड रंगवायची राहिली की तिथूनच पाणी शोषून लाकूड कुजायला लागतं. दर दोन-चार वर्षांनी रंगाला माणूस शोधणं आता माझ्याने होणार नाही. अ‍ॅल्युमिनियम हलकं. चालेल. बरंच आहे ते.

सरकती काच बाजूला करून वाकून पाहिलं. उघडी झडप अडकवायला भिंतीवर जिथे हूक येईल तिथवर हात पोचतो.

नंदूला सकाळी सांगते: पश्चिमेच्या खिडकीला दोन झडपा, बिजागरीवर, आतून कडी. रंग त्याने निवडावा, फक्त गडद नको, उन्हाने फार तापतो.