मुळ्याचं रक्त

छत्रपती संभाजीनगरला फॉरेन्सिक सायन्स शिकायला आले, तेव्हा गावाकडं मायनं विचारलं, "मग करतीस तरी काय तिथं?"

"डाग ओळखते."

"काढायचं शिकीव म्हणावं की त्यांना. ओळखायला काय लागतं!"

काय लागतं ते परीक्षेच्या प्रॅक्टिकलला कळलं. समोर कापडाचे चार तुकडे. 'ब'वर लालभडक डाग, पण तो पानाच्या पिचकारीचा, हे बसस्टँडवर वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. (मात्र असल्या थुंकीत गालाच्या पेशी असतात, त्यातून डीएनए मिळू शकतो. पिचकारी मारणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.)

'क'चा डाग फिकट, जेमतेम दिसणारा. मला वाटलं, धुतलेलं रक्त. ओल्या फिल्टर पेपरनं पुसून घेतलं, कॅसल-मायरचं रिएजंट (रक्ताच्या प्राथमिक चाचणीचं द्रावण) टाकलं, थोडं थांबले. रंग नाही. मग हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब, आणि लगेच सुंदर गुलाबी! 'मानवी रक्त' असं पेननंच लिहून टाकलं.

'ड'वर वीर्य होतं. वीर्यात भरपूर असणाऱ्या अ‍ॅसिड फॉस्फेटेज या एन्झाइमच्या चाचणीला जांभळा रंग काही सेकंदांत आला. तेवढ्यावर भागत नाही, कारण ते एन्झाइम योनिस्रावातही थोडं असतं. स्लाइड रंगवली, तेव्हा शुक्राणूंची लाल डोकी नि हिरव्या शेपट्या दिसल्या. व्हायवात सरांनी विचारलं, "नसबंदी झालेला माणूस असेल तर?" तिथं शुक्राणू सापडायचे नाहीत, पीएसए हे प्रथिन शोधायचं. हे मी न लाजता सांगितलं. पहिल्या वर्षी 'वीर्य' शब्द तोंडातून निघत नव्हता.

मग सरांनी 'क'वर बोट ठेवलं. "रक्ताची खात्री करणारे टाकायामाचे स्फटिक दिसले?"

"वेळ पुरला नाही, सर."

"आणि मानवी कशावरून? बकऱ्याचं रक्तही गुलाबीच होतं. जा, डाग शंभर अंशांवर पाच मिनिटं तापव, आणि परत कर."

तापवलं. पेरॉक्साइड टाकून बघत बसले. गुलाबीचा पत्ता नाही. तो मुळ्याचा रस होता. मुळ्यातलं पेरॉक्सिडेज हे एन्झाइम कॅसल-मायरला फसवतं, पण उष्णतेत टिकत नाही. रक्तातलं हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोहाचा भाग, टिकतं.

खरं रक्त 'अ'वर होतं. जुनं, वाळून तपकिरी झालेलं. मी एक थेंबही न टाकता त्यापुढं 'चहा' लिहून मोकळी झाले होते.