गजर पिल्लाच्या आधी वाजायला हवा

रात्र पहिली.

कुत्र्याचं आठ आठवड्यांचं पिल्लू कालपर्यंत भावंडांच्या ढिगात झोपत होतं. खाली कुणाचं पोट, मानेवर कुणाची तंगडी. आज एकटं, आणि घरभर अनोळखी वास. रडणारच. त्याला हट्ट म्हणू नये. म्हणून पहिला आठवडाभर क्रेट, म्हणजे त्याचा झोपायचा जाळीचा पिंजरा, पलंगाला खेटून, हात खाली सोडला की जाळीतून बोटं त्याच्या नाकाला लागतील असा. ‘हॉलमध्ये ठेवा, रडून रडून झोपेल’ हा सल्ला सोसायटीत हमखास मिळतो. झोपतंही ते, पण दमून. दुसऱ्या रात्री क्रेट दिसताच चारही पाय रोवून उभं राहतं.

क्रेट उभं राहण्यापुरता, वळण्यापुरता, पाय ताणून लोळण्यापुरता. लॅब्राडॉर मोठा होणार म्हणून मोठाच क्रेट आणला असेल तर मध्ये जाळी घालून जागा कमी करायची, नाहीतर एका कोपऱ्यात शू आणि दुसऱ्यात झोप. खाली जुनी सुती चादर. गोधडी नको: पिल्लं टाके उसवतात, दोरा गिळतात, आणि तो आतड्यात अडकला तर थेट ऑपरेशन.

रात्र तिसरी.

दिवसभर जागं ठेवलं की रात्री गाढ झोपेल, हा हिशेब पिल्लाला लागू नाही. त्याला चोवीस तासांत 18 ते 20 तास झोप लागते. दुपारची झोप बुडाली की रात्री नऊला ते वेड्यासारखं पळतं, घोटे चावतं. लोक त्याला मस्ती समजून अजून खेळवतात. ती झोप असते. उचलून क्रेटमध्ये ठेवायचं.

शेवटचं जेवण साडेसातला. पाण्याचं भांडं साडेनऊला उचलायचं, मे महिन्यात मात्र थोडं थोडं देत राहायचं, आणि दिवसा पाणी कधीच तोडायचं नाही. गायीचं दूध अजिबात नको. बऱ्याच पिल्लांना पचत नाही, मग रात्री तीनला जुलाब. पावणेअकराला शू. पहिली धार झाली तरी दोन मिनिटं थांबायचं; बरीच पिल्लं दोन हप्त्यांत करतात.

आता गजर. ढोबळ मानाने जितके महिने, त्यात एक मिळवून तितके तास मूत्राशय तग धरतं. दोन महिन्यांचं असेल तर तीन तास. अकराला झोपलं तर गजर दोनला आणि पाचला, म्हणजे त्याच्या रडण्याआधी. रडल्यावर उठलात तर ‘रडलं की माणूस येतो’ एवढंच ते शिकतं. तरीही आधी रडलंच तर न्यायचं आणि उद्याचा गजर वीस मिनिटं अलीकडे.

उठल्यावर दिवा नाही, बोलणं नाही, लाड तर नाहीतच. उचलून न्यायचं, चालत नेलं तर वाटेतच बसतं. लसी पूर्ण नसतील तर खाली गेटपाशी नको, भटक्या कुत्र्यांच्या जागेत पार्व्हो या जीवघेण्या विषाणूचा धोका असतो. बाथरूममध्ये वर्तमानपत्र, आणि त्यावर कालच्या भिजलेल्या कागदाचा तळहाताएवढा तुकडा. तो हुंगलं की लगेच बसतं. पाच मिनिटांत परत आत.

रात्र नववी.

सलग तीन रात्री क्रेट कोरडा राहिला की गजर पंधरा मिनिटं पुढे. एकदम तासभर नाही. ओला झाला तर पुन्हा तीस मिनिटं मागे; चिडायचं कारण नाही. चादर धुवायची, ट्रे एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसायचा. फिनाइलने वास आपल्यापुरता झाकला जातो, त्याला तो येतच राहतो. शिवाय पंजे चाटल्यावर ते पोटात जातं. दर अर्ध्या तासाला चार थेंब होत असतील तर गजराशी खेळत बसू नये, डॉक्टरांकडे न्यावं. संसर्ग असू शकतो.

साधारण चार महिन्यांचं झालं की बहुतेक पिल्लं सहा-सात तास काढतात. उरतो पहाटेचा पाचचा गोंधळ: दूधवाल्याची बेल, खालच्या कुत्र्यांची भांडणं, खिडकीतला उजेड. क्रेटवर तीन बाजूंनी सुती कापड, पुढची बाजू उघडी. दमट हवेत चारी बाजू झाकल्या तर आत कोंडतं. आणि उठल्या उठल्या वाटी पुढे करायची नाही. आधी शू, मग अर्धा तास नुसतंच घरात फिरू द्यायचं, त्यानंतर जेवण. पाचला वाटी मिळाली की उद्या पावणेपाचला ते क्रेटच्या कडीवर पंजा मारतंय.