लादी, बादली आणि कागद

१२ जुलै, शनिवार

लिफ्ट पुन्हा बंद. फिनाईलचा ५ लिटरचा कॅन उचलून तिसऱ्या मजल्यापर्यंत आले तोवर बोटांवर वळ उठले. जिन्यात टेकले आणि डोक्यात आलं, या कॅनमध्ये बहुतेक पाणीच आहे. पाणी तर घरी नळाला येतं, मग मी ते विकत घेऊन चार जिने का वाहतेय? त्याच तिरीमिरीत मोबाईलवर लादी पुसायच्या विरघळणाऱ्या शीट मागवल्या. ३० शीट, एका पाकिटात. पाकीट म्हणजे लग्नपत्रिकेएवढं.

१६ जुलै, बुधवार

आज पहिली शीट. पांढरी, किंचित खरखरीत, हाताला तांदळाच्या पापडासारखी. आईने तर बघताक्षणी 'पापड' असं बारसंच करून टाकलं. बादलीत सोडल्यावर आधी कडा वळल्या, मग सगळी शीट भिजल्या साबुदाण्यासारखी पारदर्शक झाली, आणि हाताने ढवळलं तर मधे एक बुळबुळीत तार तेवढी बोटाला लागली. मिनिटभरात तीही गेली. पाणी होतं तसंच. वर चार बुडबुडे.

पंचाईत इथेच झाली. फिनाईल टाकलं की पाणी दुधाळ होतं, तेलाचे बारीक थेंब पाण्यात पसरतात म्हणून. ते दुधाळपण बघायची डोळ्यांना सवय. आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. म्हणाली, "नुसत्या पाण्याने पुसतेयस होय?" वास लिंबाचा, तोही अगदी पुसट. ते लिंबू बघून मी आधी दचकलेच होते, कारण आमची लादी मोझॅइकची. सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिपा, आणि संगमरवराला आंबट चालत नाही. मोरीपाशी कधीतरी ॲसिड सांडलं होतं, तिथली पॉलिश गेली ती गेलीच. अजून तिथे पाय ठेवला की खरखर लागते. पण या लिंबात फक्त वासच आहे. लादी सुखरूप.

१७ जुलै, गुरुवार

मावशींना समजावून सांगितलं. ३ लिटरला एक, आपल्या अर्ध्या बादलीला दोन. त्यांनी शीट उजेडात धरून पाहिली. "ताई, हा कागद फडक्याला चिकटला तर?" चिकटणार नाही म्हटलं. त्यांनी तीन टाकल्या. दुपारी हॉलमध्ये चालताना पायाला चिकचिक. साबण जास्त झाला की असंच होतं, तो लादीवर बसतो आणि वर धूळ धरतो. खरं तर फिनाईलचंही हेच होत असणार, बुचाच्या मापाने कधी कोणी ओतलंय? मावशींचा हात दणकट, आमचंही त्यावर कधी काही म्हणणं नव्हतं. उलट घमघमाट सुटला की आम्ही खूश.

२० जुलै, रविवार

पाकिटामागचा बारीक मजकूर भिंग लावून वाचला. शीटला धरून ठेवतं ते पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. इस्पितळात संसर्गाचे कपडे पिशवीसकट धुण्याच्या यंत्रात टाकतात, ती विरघळणारी पिशवी याचीच असते. भरतकामाखाली लावतात आणि धुतल्यावर निघून जातो, तो पापुद्राही बहुधा याचाच. पाण्यात विरघळतं हे खरं, पण आहे ते कृत्रिम पॉलिमरच, म्हणजे प्लास्टिकच्याच घराण्यातलं. पुढे त्याचा निकाल लावायला नेमके जीवाणू लागतात, ते प्रत्येक गटारात वाट बघत बसलेले नसतात. साखर चहात दिसत नाही म्हणून काय ती नसते? आणि पाकिटावर पुढच्या बाजूला ठळक हिरव्या अक्षरांत 'प्लास्टिकमुक्त'. याचा मला राग आला. बाटली वाचली, कॅन वाचला, माझा खांदा वाचला, एवढं लिहिलं असतं तरी मी घेतलंच असतं.

आणखी एक. यात जंतुनाशक नाही, आहे तो साबण. रोजच्या धुळीला, चहाच्या डागाला तेवढा पुरतो. संडास-बाथरूमसाठी फिनाईलची लहान बाटली आहेच, ती मी काढून टाकणार नाही.

२८ जुलै, सोमवार

घोटाळा. काल मावशींनी भांडी घासून तशाच ओल्या हाताने पाकिटातून शीट काढल्या, आणि पाकीट सिंकशेजारीच उघडं राहिलं. त्यात डोंबिवलीचा जुलै, जिथे माचिससुद्धा पेटत नाही. आज बघते तर उरलेल्या शीटांची एकच जाड वडी. सुरीने सोडवायला गेले तर लसणाच्या सालीसारखे तुकडे निघाले. मावशी ओशाळल्या. "मला काय ठाऊक ताई, कागदाला घाम सुटतो." चूक माझीच. बाटलीला ओला हात लागलेला चालतो, याला नाही, हे सांगायला हवं होतं. वडीचे तुकडे अंदाजाने वापरतोय. दुसरं पाकीट मागवलं. आता ते घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, बुटांच्या खोक्यांत मिळालेल्या सिलिकाच्या पुड्यांसोबत, डाळींच्या फळीवर. आईला ते तिथे ठेवलेलं अजिबात आवडलेलं नाही. डब्यावर चिठ्ठी चिकटवली, 'खायचे नाही'.

९ ऑगस्ट, शनिवार

आई आज आपणहून म्हणाली, पायाला बरं लागतंय. वासाचं काही बोलली नाही. पण संध्याकाळी देवापाशी नेहमीपेक्षा एक उदबत्ती जास्त होती.

२३ ऑगस्ट, शनिवार

मावशी उद्या रात्रीच्या एसटीने गावी चालल्या, संगमेश्वरच्या बाजूला, गौरी-गणपतीला. पडवीत अजून शेणाचं सारवण आहे, पण माजघरात दिराने गेल्या वर्षी टाइल्स घातल्यात. त्या पुसायला इथूनच फिनाईलची बाटली नेली होती, ती घाटात कुठेतरी उलटली आणि जाऊबाईंसाठी घेतलेलं लुगडं, दोन किलो रवा, सगळ्याला फिनाईलचा वास. "जाऊ अजून ऐकवते," म्हणाल्या. मग जरा थांबून, "ताई, ते कागद चार-पाच द्याल का?"

मी डबा काढला. त्या सिंकपाशी होत्या. आधी पदराला हात पुसले, उलटे-सुलटे करून पाहिले, पुन्हा पुसले, आणि मग पुढे केले.