पान उलटायच्या आधीचा लांडगा

उमेदीची सगळी वर्षं छपाईच्या धंद्यात गेली. पुस्तक हातात आलं की मी आधी शिवण बघतो, कागद चाचपतो, मग गोष्टीकडे वळतो. नातीला ही खोड पाठ झाली आहे. "आजोबा, वास घेऊन झाला असेल तर वाचा आता," म्हणते.

सध्या तिला रोज लांडगा लागतो. गोष्ट लाल टोपीवालीची, पण तिच्या लेखी लांडग्याचीच. किलोवर पुस्तकं विकतात त्या प्रदर्शनांतून या एकाच गोष्टीची निरनिराळी पुस्तकं घरात जमली आहेत. त्यातल्या एका गुळगुळीत पुस्तकात आजी कपाटात लपते आणि लांडगा पळून जातो. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकानं १६९७ साली गोष्ट छापली तेव्हा लांडगा दोघींनाही खातो आणि तिथंच गोष्ट संपते. शिकारी, कात्री, लांडग्याच्या पोटात भरलेले दगड हे जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या १८१२च्या पुस्तकातले. कपाट ही अलीकडची सोय. नातीनं ते पुस्तक एकदाच ऐकलं आणि बाजूला सारलं. "मग लांडगा आला कशाला?" हा तिचा प्रश्न मला बिनतोड वाटतो.

मोठ्यांना खटकतं ते वेगळंच. ट्रिना शार्ट हायमन या चित्रकर्तीच्या याच गोष्टीच्या १९८३च्या पुस्तकावर कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीच्या शाळांमध्ये १९९०च्या सुमारास गदा आली. हरकत होती मुलीच्या टोपलीतल्या वाइनच्या बाटलीला! ग्रिमच्या गोष्टीतही आई केक आणि वाइनच देते की.

आमच्या घरचं लाडकं पुस्तक मात्र एड यंग यांचं 'लोन पो पो'. चीनमधली गोष्ट, १९८९चं पुस्तक, पुढच्याच वर्षी त्याला चित्रपुस्तकांसाठीचं अमेरिकेतलं कॅल्डेकॉट पदक मिळालं. इथे आई आजीकडे गेलेली, तीन बहिणी घरात एकट्या. लांडगा आजी बनून आत शिरतो आणि आल्याआल्या मेणबत्ती विझवतो. मग चित्रांत काळोख. थोरली शांग मेणबत्ती पेटवते, क्षणभर केसाळ तोंड दिसतं, पुन्हा अंधार. चित्रं उभ्या पट्ट्यांत कापलेली आहेत, चिनी पडद्यासारखी, त्यामुळे लांडगा कधीच सबंध हाती लागत नाही. नात त्याच्या डोळ्यावर अंगठा ठेवते आणि मगच पान उलटते. भीती किती घ्यायची ते तिच्या हातात असतं. टीव्हीच्या पडद्यावर गोष्ट आपल्याच वेगानं पळते, तिथे हे जमत नाही.

चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं, म्हणजे सोळा-सोळाचे दोन फॉर्म (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली पानं). "एवढे मोठे दात कशाला?" हे उजव्या पानाच्या तळाशी आलं पाहिजे आणि उत्तर उलटल्यावर. स्वस्तातल्या पुस्तकांत दोन्ही समोरासमोर छापतात. कागद तेवढाच लागतो, पण गोष्ट मरते.

परवापासून मी 'चल रे भोपळ्या'ची पानं पाडतोय, म्हणजे कुठल्या पानावर काय येईल ते ठरवतोय. म्हातारी, जंगल, वाघ, सगळा ऐवज तयारच आहे. "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन" डाव्या पानावर, वाघ उजवीकडे. भोपळा शिवणीवरून घरंगळवावा की शिवणीच्या अलीकडेच थांबवून नातीला पान उलटायला लावावं, इथे घोडं अडलंय. ती म्हणते, वाघ अर्धाच दाखवा.