इरकल कुर्ता: काठावर टाका का सुटत होता

सापडलं एकदाचं. अकरा दिवस, सहा वेळा उसवण, दोन मोडक्या सुया आणि घरात एक दिवसाचा अबोला एवढा खर्च करून काल रात्री पावणेअकराला कारण सापडलं. ते इतकं फालतू निघालं की लिहावं की नाही, याचा विचार सकाळी चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत चालला होता. पण आईच्या जुन्या लुगड्याचा लेकीसाठी कुर्ता शिवतोय हे सांगताना मागच्या वेळी मीच तोऱ्यात लिहिलं होतं, ‘आता फक्त चाक (कुर्त्याच्या बाजूंच्या खालच्या फटी) दुमडले की कुर्ता झाला.’ तेव्हा भोगणं आलं.

आधी जे बरं झालं ते सांगून टाकतो. आईचं नऊवारी इरकल, गर्द निळं, लाल काठाचं. जुन्या लुगड्यात जीव किती उरलाय हे नुसत्या हाताला कळत नाही. म्हणून सकाळच्या कोवळ्या उन्हात ते गॅलरीतल्या दोरीवर टाकलं आणि मागच्या बाजूने बघितलं. बसायच्या जागी आणि काष्ट्याच्या पट्ट्यात ऊन चाळणीतून यावं तसं आरपार येत होतं. घडीच्या रेघाही विरलेल्या. तिथे तिथे खडूने फुल्या मारत गेलो. शेवटी पदराकडचा भाग आणि आतल्या टोकाचा अडीच वार, एवढंच घट्ट कापड हाती लागलं. हिने विचारलं, “एवढ्या फुल्या मारल्यावर उरलं काय?” उरलं ते पुरेसं होतं.

कुर्त्याची लांबी मी लुगड्याच्या पन्ह्यात, म्हणजे रुंदीत, बसवली. पन्हा ४५ इंच, दोन्ही काठ तीन-तीन इंचांचे. वरचा काठ कापून काढला की ४२ उरतात. लेकीला लांबी हवी ४०, खांद्याला अर्धा इंच माया (शिवणीत जाणारं कापड), म्हणजे दीड इंच शिल्लकच. खालचा काठ आयता घेरावर आला, त्यामुळे हेम मारायचं कामच नाही. विणकराने मागावरच करून दिलंय ते. अर्थात आधी सगळा नमुना मांजरपाटावर कापून, शिवून, लेकीच्या अंगावर घालून बघितला होता. ज्यांना अजून वाटतं की मांजरपाट म्हणजे फुकटचा खर्च, त्यांनी आईचं लुगडं कापायला हातात कात्री घ्यावी, मग बोलू. आणि मांजरपाट धुवून, आटवूनच वापरा. मालेगावच्या मागावरचं कोरं कापड पहिल्या धुण्यात चांगलंच आटतं, मग नमुना एका मापाचा आणि कुर्ता दुसऱ्या.

खांदे झाले, बाजूच्या शिवणी झाल्या, उजव्या शिवणीत खिसा बसला. खिशाबद्दल दोन शब्द बोलू द्या. तोंड सहा इंचांचं, आत पिशवी मांजरपाटाची, आणि बाहेरून शोधूनही दिसत नाही. तीन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ‘खिसा शोधून दाखवा’ म्हणत होतो.

आता चाक. चाकाची कड दोनदा दुमडली की शिवणीखाली कापडाचे तीन थर येतात. निळ्या सुती अंगावर काही त्रास नाही. पण खाली काठ आला की तोच काठ तिप्पट, आणि इरकलीचा काठ म्हणजे मुळातच दाट वीण. वरून शिवत आलो की मशीन टक टक छान बोलायचं, काठावर चढलं की आवाज बदलायचा, टक, ठप, ठप. उलटून बघावं तर पाऊण इंचभर दोरा नुसता आडवा पडलेला. वरचा दोरा खालच्याला भेटलाच नाही. नखाने उचलला की अख्खी शिवण चेन उघडावी तशी उलगडायची.

पहिला संशय ताणावर. वरचा ताण सैल केला, घट्ट केला, फरक शून्य. ताणाच्या चकत्यांमध्ये जुना दोरा अडकलाय का, ते कापडाची पट्टी फिरवून बघितलं. एक राखाडी गोळी निघाली, पण टाका तसाच. मग दोरा बदलला. ती स्वस्तातली रिळं एकदा उजेडात धरून बघा, दोऱ्यावर सुरवंटासारखी लव दिसते. तीच लव चकत्यांत साचते. मी दोन रिळं कचऱ्यात टाकली, चांगला दोरा आणला, आणि टाका नव्या दोऱ्यानेही तितक्याच इमानाने सुटला.

हिने सुचवलं, काठावर कोरडा साबण घासा. हसू नका, उपयोग होतो. सुई सहज घुसते आणि सुटणारे टाके चाराचे दोनावर आले. पण दोन म्हणजे बरोबर नव्हे.

मग सुई. १४ नंबरची काढून १६ नंबरची लावली. जाड कापडाला जाड सुई, हे शिवणाच्या पहिल्या धड्यातलं. पहिली १६ काठावर मोडली. दुसरी न मोडता टाके गाळत राहिली. ही नोंद लक्षात ठेवा. नंबर बदलला होता, जात बदलली नव्हती. पण ते तेव्हा कळलं असतं तर हा मजकूर चार ओळींचा झाला असता.

शटल, म्हणजे खालचा दोरा धरणारा फिरता भाग, काढलं. आत आणि कापड सरकवणाऱ्या दात्यांखाली मळाचा असा थर होता की उचलला तर नमद्यासारखा एकसंध निघाला. शटलच्या टोकावर नख फिरवून बघितलं, खरखर नाही. तेलाचे थेंब दिले. खोबरेल देणारे अजून आहेत आपल्यात, त्यांना पुन्हा एकदा हात जोडतो. ते सुकून चिकटा होतो. पांढरं मशीनचं तेल आणा, महाग नसतं.

इथवर सरळ होतं. यानंतर माझ्यातला फिटर जागा झाला आणि घात झाला. बत्तीस वर्षं नाशिकच्या अंबडला टूलरूममध्ये काढलेला माणूस. टाका सुटतो म्हणजे टायमिंग गेलं, असं मनाने घेतलं. गणित असं: सुई तळ गाठून साधारण दोन-अडीच मिलिमीटर वर येते, तेव्हा तिच्या मागे दोऱ्याचा छोटा फास फुगतो. नेमक्या त्या क्षणी शटलचं टोक सुईला जवळजवळ घासत जाऊन तो फास उचलतं. अंतर म्हणाल तर केसाएवढं. जाड कापडात फास नीट फुगत नाही, सुई जरा वाकते, आणि टोक रिकामं निघून जातं. सगळं बरोबर. यावरून मी काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा, की सुईदांडा वर सरकलाय. स्क्रू ढिला करून दांडा एक मिलिमीटर खाली घेतला. ढिला करण्याआधी मार्करने दांड्यावर खूण केली होती, ही एकच शहाणपणाची गोष्ट त्या रात्री माझ्या हातून झाली. कारण आता टाका साध्या सुती भागावरही सुटायला लागला. दांडा मुकाट खुणेवर आणला.

याच रात्री हिने म्हटलं, “द्या ना गल्लीतल्या ब्लाउजवाल्या ताईंकडे, पाच मिनिटांत मारून देतील.” मी म्हटलं, मोटारीवरच्या मशीनवर कोणीही मारेल, पायमशीनवर मारून दाखवायला अक्कल लागते. हिचे सगळे ब्लाउज त्याच ताई शिवतात, हे बोलून झाल्यावर आठवलं. पुढचा दिवस मी स्वतःच चहा करून प्यायलो.

काल रात्री दुसरी १६ पण गेली. घरात तिसरी १६ नव्हती म्हणून मशीनचं खालचं खण उपसलं. आईची अमृतांजनची डबी निघाली. आत हुक, गंजक्या टाचण्या, आणि फ्लॅनेलच्या चिंधीत टोचून ठेवलेली एकच सुई. ती काढून टेबलावर ठेवली. शेजारी नव्या पाकिटातली १४ नंबरची ठेवली, उजेडात टोकं बघावीत म्हणून.

नवी सुई गडगडत गेली आणि टेबलावरून खाली पडली. आईची होती तिथेच राहिली.

मी उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा गडगडली. आईच्या सुईच्या दांडीला (मशीनच्या भोकात बसणाऱ्या वरच्या जाड भागाला) एका बाजूने सपाट कड आहे, म्हणून ती लोळत नाही. नव्या सुईची दांडी पूर्ण गोल. अकरा दिवसांत या मशीनचं जे मोजता येईल ते सगळं मी मोजलं होतं, सुईची दांडी सोडून. व्हर्नियर लावलं, आईच्या सुईची दांडी २ मिलिमीटर, नवीची १.६ च्या आसपास. भिंग घेऊन पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली, ‘डीबी × १’. ती कारखान्यातल्या, मोटारीवरच्या मशीनची सुई. आपल्या घरगुती मशीनला लागते ‘एचए × १’. १६ चं पाकीट? तेही डीबीच. एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेली दोन्ही.

म्हणजे २ मिलिमीटरच्या भोकात १.६ ची गोल दांडी. स्क्रू आवळला की ती एका कडेला जाऊन बसते, आणि सपाट कड नसल्याने स्वतःभोवती किंचित वळायलाही मोकळी. केसाएवढ्या अंतराच्या कामात ०.४ चा प्ले, म्हणजे ढिलेपणा! एवढ्या प्लेने मी शॉपवर कुणाचा जॉब पास केला नसता. पातळ सुती कापडावर कसंबसं निभावत होतं, काठाने जरा रेटलं की शटलचं टोक सुईपासून लांबून निघून जायचं.

दुकान मेन रोडच्या मागच्या गल्लीतलं, नाव घेत नाही, कारण चूक अर्धी माझीच. मी म्हटलं, ‘मशीनची सुई द्या, चौदा आणि सोळा.’ त्यांनी विचारलं नाही कुठलं मशीन, मी सांगितलं नाही. त्यांची निम्मी गिऱ्हाइकं टेलर आणि छोटे कारखानदार असणार, ज्याला जास्त मागणी ते पाकीट हाताशी. तरी एक प्रश्न विचारायला हवा होता असं मला वाटतंच.

आईची सुई लावली. लावताना लक्षात असू द्या, सपाट कडेच्या बरोबर उलट बाजूला लांब खाच असते, आणि दोरा खाचेच्या बाजूने ओवायचा. सपाट कड काचेवर टेकवून सुई वाकलीय का तेही बघून घेतलं. सुई आणि काच यांतली फट टोकापर्यंत सारखी दिसली पाहिजे. दिसली. आधी मांजरपाटाची तिप्पट घडी, मग काठाचा तुकडा, मग मनाचा हिय्या करून चाक. काठावर चढताना पाय काढून घेतला आणि हाताने मशीनचं चाक फिरवलं, एक एक टाका. टक. टक. टक. नंतर पायावर घेतलं. अकरा इंच सलग, एकही टाका न सुटता. रात्री साडेअकराला हिला उठवून दाखवलं. “बरं,” म्हणाली, आणि कूस बदलली.

सकाळच्या उजेडात नवीन भानगड दिसली. सहा वेळा उसवलेल्या काठावर भोकांच्या रांगा. जुनं कापड, ती बुजत नाहीत. इस्त्रीची वाफ दिली, नखाने घासलं, थोडी कमी झाली. पट्टी लावून झाकावं तर चौथा थर येतो, ते नको. मग वाटलं, त्याच रांगांवरून हाताने लाल धावदोरा घालावा, गोधडीवर घालतो तसा. चार टाके घालून बघितले आणि असं दिसलं की मुद्दाम केलंय. आता दोन्ही चाकांना, पुढे-मागे, तीन-तीन ओळी घालणार. विचारलं कोणी तर डिझाइन आहे म्हणायचं.

गोधडीवरून पदराचा बेतही फिरला. योकला, म्हणजे खांद्यालगतच्या पट्टीला, पदर लावायचा आधीचा विचार होता, तो रद्द. इरकलीचा पदर वेगळ्या ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) असतो, अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला. कोपऱ्यात त्या जोडाच्या अगदी कडेने दोन इंच कापून बघितलं, तर फासे एकेक करून सुटायला लागले. दोन्ही बाजूंनी शिवण मारून मग कापता येईल, पण मन होईना. तेव्हा पदर अख्खाच ठेवतो. फुल्या मारलेलं विरलेलं कापड आत थरांना, वर मधोमध पदर, आणि या थंडीत एक गोधडी. नाशिकच्या थंडीला अजून दीड महिना आहे, तेवढ्यात हाताने होईल का ते माहीत नाही.

बाह्या राहिल्यात. लेक शनिवारी पुण्याहून येतेय आणि फोनवर सांगून बसली, “बाबा, बाही कोपराच्या खाली हवी.” उरलेल्या कापडातून बाही निघते बारा इंचांची. सकाळपासून कागदावर कळ्या जोडून बघतोय, कुठेतरी जोड दिसतोच.

थांबा. वरचा काठ. कापून बाजूला ठेवलेला, तीन इंचांचा, अडीच वार लांब! तोच बाहीच्या टोकाला लावला तर बारा आणि तीन पंधरा, माया वजा करून चौदा. खाली काठ, बाहीला काठ. जोडही काठाच्याच रेघेवर दडेल.

म्हणजे पुन्हा काठ, पुन्हा थर, आणि घरात चालणारी सुई एकच, तीही आईची. उद्या मेन रोडला जातोय. ती सुई फ्लॅनेलच्या चिंधीत टोचून खिशात घेऊन जाईन, आणि दुकानदाराच्या काचेवर ठेवून दाखवेन की ही लोळत नाही. डीबीच्या उरलेल्या सुया ब्लाउजवाल्या ताईंकडे पोचत्या केल्या सकाळीच. त्यांच्या मशीनला ह्याच लागतात म्हणे. हिच्या हातूनच पाठवल्या.